खुडबुड करणारी मुलं : वस्तू खोलण्याचा आणि कोडी सोडवण्याचा छंद



"काय रे, काय उचापती चालल्यात तुझ्या?" हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं घर शोधून सापडायचं नाही. मुलाने पेनातली स्प्रिंग काढली, बंद पडलेलं घड्याळ खोललं, सायकलची चेन उतरवली की आपल्या तोंडून ते आपोआप निघतं. मराठीत या कामाला शब्द तरी किती आहेत बघा : खुडबुड, खटपट, उचापती, उपद्व्याप, नसते उद्योग. यातला 'खटपट' सोडला तर एकाही शब्दात कौतुक नाही. जणू काही वस्तू उघडून बघणं हा मुलांचा दोषच आहे.

आजचा लेख या खुडबुडीच्या बाजूने आहे. वस्तू खोलून बघणं, बिघाड शोधणं, कोडं सुटेपर्यंत त्याच्या मागे लागणं हा एक उत्तम छंद आहे. त्याला पैसे फारसे लागत नाहीत आणि तो खेड्यातल्या मुलालाही तितकाच जमतो. त्यातून मूल जे शिकतं ते आपल्या चाचण्यांत सहसा मोजलं जात नाही, पण आयुष्यभर उपयोगी पडतं.

खुडबुड आणि मोडतोड यात फरक काय?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. "सर, हा नुसता मोडून ठेवतो हो!" फरक ओळखायला सोपा आहे. मोडतोड करणाऱ्या मुलाचं लक्ष वस्तू तुटण्याकडे असतं. खुडबुड करणाऱ्या मुलाच्या मनात प्रश्न असतो. हे आत काय आहे? हे काढलं तर काय होईल? परत बसवता येईल का? मग ते मूल काहीतरी करून बघतं, काय झालं ते पाहतं आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवतं. म्हणजे प्रश्न, कृती, निरीक्षण आणि पुन्हा प्रश्न. विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला वैज्ञानिक पद्धत म्हणतो, ती याहून वेगळी नाही. फक्त इथे ती पाठ केलेली नसते.

आणखी एक मोठा फरक गृहपाठाशी आहे. गणिताचं उत्तर बरोबर की चूक हे बाई किंवा सर सांगतात. विजेरी दुरुस्त झाली की नाही हे कोणी सांगावं लागत नाही. ती पेटते किंवा पेटत नाही. तपासणारा माणूस मध्ये नाही, लाल शाई नाही, "इतकं पण येत नाही का" हे नाही. वर्गात उत्तर द्यायला घाबरणारी मुलं अशा कामात मोकळी होतात, त्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. विजेरी पेटली नाही म्हणून ती कोणाला हसत नाही, पुन्हा करून बघायची संधी देते.

मजा नेमकी कुठे असते?

मुलं कोडं सोडवताना बघा. सुरुवातीला उत्साह असतो. मग गाडी अडते. चिडचिड होते. काही मुलं उठून जातात, काही तिथेच बसून राहतात. आणि अचानक "अरे, असंय होय!" असं म्हणून चेहरा उजळतो. आपल्याला वाटतं की मजा त्या शेवटच्या क्षणात आहे. पण कोणी आधीच उत्तर सांगून टाकलं तर तो क्षण येतच नाही. अडून बसण्याचा वेळ हा त्या आनंदाचाच भाग आहे.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी कामात तल्लीन होण्याच्या अवस्थेचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. काम आपल्या कौशल्यापेक्षा फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोन्हींच्या मधे, जिथे थोडं ताणून हात पोहोचतो, तिथे माणूस तहानभूक विसरून रमतो. म्हणून दुसरीच्या मुलाला हजार तुकड्यांचं चित्रकोडं देऊन उपयोग नाही आणि सातवीच्या मुलीला बारा तुकड्यांचंही नको.

आणि अडून बसायला किती वेळ लागावा? एर्नो रुबिक हे बुडापेस्टमध्ये वास्तुकलेचे शिक्षक होते. त्यांनी १९७४ मध्ये तो प्रसिद्ध रंगीत ठोकळा तयार केला. तो एकदा विस्कटल्यावर पुन्हा जुळवायला खुद्द त्यांनाच महिन्याहून जास्त वेळ लागला! तेव्हा आपल्या मुलाला अर्धा तास द्यायला काय हरकत आहे?

एक उदाहरण : सेलवर फिरणारी मोटार

खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेत. आय.आय.टी. कानपूरचे अभियंता असलेले गुप्ता पुण्यात नोकरी करत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी आकार जोडायची पद्धत तयार केली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि पुस्तकं मराठीतही मोफत उपलब्ध आहेत.

त्यांनी घरोघरी पोहोचवलेलं एक खेळणं म्हणजे साधी विद्युत मोटार. साहित्य असं : विजेरीचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, साधारण एक मीटर वार्निश लावलेली तांब्याची तार आणि सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी. मोटार वायंडिंगच्या दुकानात अशी तार उरलेली असते आणि मागितली तर मिळते. चुंबक जुन्या स्पीकरमध्ये सापडतं.

तार सेलभोवती दहा-बारा वेळा गुंडाळून वेटोळं करायचं, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. सेल आडवा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना ट्यूबच्या पट्टीने सेफ्टी पिना आवळून बसवायच्या. चुंबक सेलवर मधोमध ठेवायचं. वेटोळ्याची टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. आता खरी गंमत. एका टोकावरचं वार्निश सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं मात्र फक्त अर्ध्या बाजूचं. हलकासा धक्का दिला की वेटोळं गरगर फिरू लागतं.

अर्ध्याच बाजूचं का? हा प्रश्न मुलांना विचारा आणि गप्प बसा. दोन्ही टोकं पूर्ण खरवडून बघू द्या. वेटोळं थोडं हलतं, मागेपुढे होतं आणि अडकतं. कारण वीज वाहत असताना चुंबक वेटोळ्याला एका बाजूला ढकलतं. पण अर्धा फेरा झाल्यावर वेटोळ्याची वरची बाजू खाली येते आणि तोच जोर आता उलट्या दिशेने लागतो. त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद राहिली तर उलटा जोर लागत नाही, आणि मिळालेल्या गतीनेच वेटोळं पुढे निघून जातं. न खरवडलेलं वार्निश म्हणजे आपोआप चालू-बंद होणारं बटण!

आता माझ्या मते या खेळण्याचा सर्वात मौल्यवान भाग. ते पहिल्या झटक्यात सहसा फिरत नाही. मग शोध सुरू होतो. सेल संपला आहे का? वार्निश नीट निघालंय का? पिना सेलला टेकतात का? वेटोळं एका बाजूला जड आहे का? चुंबक फार लांब आहे का? प्रत्येक शंका एकेक करून तपासावी लागते. चौथी-पाचवीची मुलं हे सगळं आपसांत भांडत भांडत करतात, आणि मोटार फिरली की वर्गात जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. (फिरवून झालं की वेटोळं काढून ठेवा. नाहीतर सेल आणि तार तापते.)

हात लावण्याआधी डोकं लावणं

बिघाड शोधण्याचा एक साधा नियम मुलांना आवर्जून सांगावा : एका वेळी एकच गोष्ट बदला. विजेरी लागत नाही म्हणून सेलही बदलला, बल्बही बदलला आणि ती लागली, तर दोष कशात होता ते कळलंच नाही. आधी सेल बदला आणि बघा. नाही लागली तर जुना सेल परत घालून बल्ब बदला. याला वेळ लागतो, पण शेवटी हातात नुसती चालू विजेरी येत नाही, कारणही येतं.

दुसरा नियम : आधी थोडं थांबा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन लहानपणी शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. एका गृहस्थाचा रेडिओ सुरू केल्यावर भयंकर आवाज करायचा आणि थोड्या वेळाने शांत व्हायचा. फाइनमन रेडिओला हात न लावता खोलीत येरझारा घालू लागले. मालकाला कळेना, हा पोरगा करतोय काय! त्या काळी रेडिओत तापल्यावर चालणाऱ्या नळ्या असत. फाइनमननी विचार केला की आवाज फक्त सुरुवातीलाच येतो, म्हणजे नळ्या चुकीच्या क्रमाने तापत असाव्यात. त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली आणि आवाज गेला. बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, या निरीक्षणातच अर्धं उत्तर होतं.

वस्तू नसली तरी चालतं : कापरेकर सरांच्या संख्या

खुडबुड फक्त तारा आणि स्क्रूचीच असते असं नाही. संख्यांशीही खुडबुड करता येते, आणि त्याचं सर्वात सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांचं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. नाशिकजवळ देवळालीला त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. संशोधकाची नोकरी नाही, मोठी पदवी नाही. संख्यांशी खेळणं हा त्यांचा छंद. त्यांच्या एका शोधाने त्यांचं नाव जगभर गेलं. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तराचं पुन्हा तेच करा. समजा संख्या ३५२४ आहे.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करा : ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा तेच! कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. २०२५ ने सुरुवात केली तर सहा पायऱ्या लागतात. वर्गात प्रत्येक मुलाला वेगळी संख्या द्या. सगळ्यांचं उत्तर एकच आल्यावर मुलं एकमेकांकडे बघतच राहतात. हातच्याची वजाबाकी याहून आनंदाने करून घेण्याचा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. एखाद्याचं उत्तर वेगळं आलं तर "तुझं चुकलंय" असं आपल्याला म्हणावं लागत नाही. ते मूल स्वतःच मागे जाऊन पायरी तपासतं.

पण इथे थांबू नका, कारण खुडबुड इथूनच सुरू होते. "तीन अंकी संख्येचं काय होईल?" ३५२ घ्या : २९७, ६९३, ५९४, ४९५. आणि मग ४९५ च. हुशार मुलं लगेच म्हणतील, "सर, प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ च आहे!" मग विचारा, बाजूच्या दोन अंकांची बेरीज किती? तीही ९. कारण अंक उलटे मांडून वजाबाकी केली की उत्तर नेहमी ९९ च्या पाढ्यातलं येतं. हे कारण मोठ्या वर्गातली मुलं स्वतः शोधू शकतात. आणि दोन अंकी? तिथे वेगळीच मजा आहे. ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि परत ६३. एका जागी थांबायचं नावच नाही, गोल गोल फिरत राहतं.

कापरेकरांची आणखी एक गंमत. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २४ ला जन्म देणारी संख्या २१. पण २० ला जन्म देणारी संख्याच नाही. अशा संख्यांना त्यांच्या गावावरून देवळाली संख्या म्हणतात. २०, ३१, ४२... पुढच्या कोणत्या, हे शंभरपर्यंत मुलांना शोधू द्या. एक शनिवार सहज निघतो.

कापरेकरांना देशात बराच काळ फारशी दाद मिळाली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. पण दाद मिळो न मिळो, ते खेळत राहिले. छंद म्हणतात तो याला.

घरातलं ज्ञान शाळेत येऊ द्या

आपल्या मुलांच्या घरी खुडबुड करणारी माणसं भरपूर आहेत. शिलाई मशीनवर टाक्याच्या खालच्या बाजूला धाग्याची गुंतागुंत दिसली की आई खालच्या बॉबिनला हात न लावता आधी वरचा धागा आणि त्याचा ताण तपासते. विहिरीवरचा पंप चालू आहे पण पाणी येत नाही, म्हणजे पंपाने हवा धरली, फूट व्हॉल्व्ह गळतोय, हे शेतकरी बाप आवाजावरून सांगतो. फाइनमनने जे केलं तेच हे. पण आपण त्याला बुद्धी म्हणत नाही, 'अनुभव' म्हणून बाजूला ठेवतो. वर्गात मागे बसणारा, वाचताना अडखळणारा मुलगा घरी पंपाचा व्हॉल्व्ह बदलत असेल, तर हे त्याच्या शिक्षकाला माहीत असायला हवं. एकदा अशा मुलाला वर्गासमोर उभं करून "पाणी का चढत नव्हतं?" हे समजावून सांगायला लावा. त्याचं वर्गातलं स्थान त्या दिवशी बदलतं.

आणि मुली. स्क्रूड्रायव्हर कोणाच्या हातात जातो ते नीट बघा. गटात मुलगे साहित्य ओढून घेतात आणि मुली वहीत नोंद करतात, असं फार वेळा होतं. कामं आलटून पालटून द्या. घरीही फ्यूज गेला की फक्त मुलाला हाक मारू नका.

आपण काय करायचं?

वर्गात किंवा घरात एक खुडबुड पेटी ठेवा. बंद घड्याळ, जुनी खेळणी, रिमोट, पेनं, स्प्रिंगा, बाटल्यांची झाकणं, दोरा, रबर, चुंबक, एक छोटा आणि एक मोठा स्क्रूड्रायव्हर. विकत काही आणायची गरज नाही. आनंददायी शनिवारची तासिका यासाठी उत्तम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे त्यांचं काम सोपं, पण ती नसेल तर एक खोकं पुरतं.

सोबत एक खुडबुड वही. तिच्यात तीनच ओळी : काय करून पाहिलं, काय झालं, आता काय करून बघणार. शुद्धलेखन तपासू नका, गुण देऊ नका.

मूल अडलं की उत्तर देऊ नका, प्रश्न द्या. "आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंस?" "कोणता भाग नक्की चालतोय?" "याच्यासारखं आधी काही पाहिलंय का?" गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये गणितं सोडवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांचा भर अशाच प्रश्नांवर होता : आधी प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा आणि शेवटी मागे वळून बघा. मागे वळून बघणं आपण नेहमी विसरतो.

पालकांना एक कळकळीची विनंती. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बाबांनी रंगवलेला ज्वालामुखी किंवा दुकानातून आणलेलं तयार मॉडेल यातून मुलाला बक्षीस मिळेल, पण छंद लागणार नाही. उलट 'आपल्याला जमत नाही, मोठ्यांनीच करायचं असतं' हे मात्र ते पक्कं शिकेल. वाकडंतिकडं असलं तरी त्याचं त्याला करू द्या. बक्षिसासाठी केलेली खुडबुड बक्षिसाबरोबर संपते.

काही गोष्टींना मात्र हात नाही

मोकळीक म्हणजे बेफिकिरी नव्हे. घरातल्या विजेच्या बोर्डाला आणि भिंतीत खुपसायच्या कोणत्याही वस्तूला मुलांनी हात लावायचा नाही. घरची वीज २३० व्होल्टची असते. खेळ फक्त दीड व्होल्टच्या सेलवर. जुना टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर यांच्या आत बंद केल्यावरही काही काळ वीज साठून राहू शकते, तेव्हा ते पेटीत नकोत. मोबाईलची बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. बटणासारखे छोटे सेल आणि छोटी चुंबकं लहान भावंडांच्या तोंडात गेली तर जिवावर बेततं, म्हणून ती मोजून द्या, मोजून परत घ्या. ट्यूबलाईट, सीएफएल यांना हात नाही. आणि वस्तू खोलण्याआधी घरच्यांना विचारायचं, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

एवढं सांभाळलं की बाकी सगळं मुलांवर सोडा. काही वस्तू परत जोडल्या जाणार नाहीत. दोन स्क्रू उरतील. पण ते उरलेले दोन स्क्रू कुठले, या प्रश्नाने जे मूल रात्री जेवताना विचार करत बसतं, त्याला "अभ्यासाला बस" असं वेगळं सांगायची गरज नाही. ते बसलेलंच आहे.

येत्या शनिवारी वर्गात प्रत्येकाला एकेक चार अंकी संख्या द्या, किंवा घरातलं एक बंद घड्याळ मुलांच्या पुढ्यात ठेवा. आणि तासभर काही बोलू नका. मुलं काय करतात, ते आम्हालाही जरूर कळवा.